अर्धा चमचा काकवी

टिकलीचे मार्क कमी आले होते.

अश्लेषानं फोनवरचा तक्ता तीनदा खालीवर सरकवून पाहिला. पहिल्या आढाव्यात एक्क्याऐंशी, दुसऱ्यात अठ्ठावन्न. अठ्ठावन्नच्या शेजारी लाल ठिपका, आणि खाली श्वान केंद्राची सूचना: तिसऱ्या आढाव्यात ऐंशी गुण न मिळाल्यास श्वान परत बोलावून घेतलं जाईल. पुढे तारीख होती. बरोबर एकवीस दिवसांनंतरची.

"पोरीचं प्रगतिपुस्तक आलं तेव्हा एवढं तोंड पाडलं नव्हतंस," सासूबाई म्हणाल्या. त्या खाली बसून शेंगा फोडत होत्या. दाणे डब्यात आणि टरफलं पेपरावर.

"आई, जुई नापास झाली तर तिचं वर्ष जाईल. टिकली नापास झाली तर टिकलीच जाईल."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तिथं सात वर्षांची जुई पालथी पडून चित्र रंगवत होती आणि तिच्या पोटरीवर हनुवटी टेकून टिकली झोपली होती. तांबूस रंगाची, उभ्या कानांची, कऱ्हाडच्या भाजी मंडईत जन्मलेली साधी गावठी कुत्री. कपाळावर बरोबर मध्यभागी पांढरा ठिपका, म्हणून टिकली. गळ्यात राखाडी पट्टा.

तेवढ्यात तिनं मान वर केली. जुईच्या तोंडाजवळ नाक नेलं, दोनदा हुंगलं आणि उठून सरळ अश्लेषाकडे आली. उजवा पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवला. हा तिचा इशारा. जुईची शुगर उतरतेय.

अश्लेषानं फोन पाहिला. जुईच्या दंडावरचा सेन्सर एकशे सव्वीस दाखवत होता. बाण आडवा, म्हणजे सगळं स्थिर. तरी तिचा हात पर्समध्ये गेलाच. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिनं काकवी भरून ठेवलेली असे, पातळ, सोनेरी, मलकापूरच्या गुऱ्हाळातली. अर्धा चमचा. जुईनं चित्रावरची नजर न काढता पाखरासारखा आ केला, काकवी गिळली, आणि पुन्हा हिरवा खडू उचलला.

टिकली जुईच्या कमरेच्या डबीकडे बघत उभी राहिली. इशारा बरोबर ठरला की ती डबी आपोआप उघडे आणि सुकवलेल्या कलेजीचा तुकडा खाली पडे. आज डबी उघडली नाही. अर्ध्या तासानं सेन्सर एकशे एकतीस दाखवत होता आणि तक्त्यात नवी ओळ उमटली होती: चुकीचा इशारा.

"बघा, अजून एक," अश्लेषा म्हणाली आणि तिनं वही उघडली.

ती वही सगळ्या घराच्या चेष्टेचा विषय होती. लग्नाआधी आणि नंतरही अश्लेषा दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. चार वर्षं तिनं कॅनमागून कॅन दुधातलं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे बाकीचे घन पदार्थ, लिहिलं. नोकरी सोडली, पण लिहायची सवय सुटली नाही. वेळ, आकडा, काय खाल्लं, काय केलं. "अशू, माझी शिंकसुद्धा त्यात असेल," असं तिचा नवरा रणजित म्हणायचा. ती नव्हती, पण जुईची प्रत्येक शिंक होती.

जुई साडेपाच वर्षांची असताना तिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणं थांबवलं. तेव्हापासून कमरेला पंप आणि दंडावर सेन्सर. शुगर चढली की पंप आपण होऊन इन्सुलिन देतो. उतरू लागली की द्यायचं थांबतो. पण आधी आत गेलेलं इन्सुलिन काही परत निघत नाही. ते आपलं काम करतच राहतं.

त्या वर्षी एका मंगल कार्यालयात, पंगत उठत असताना, जुई खुर्च्यांच्या रांगेमागे निजलेली सापडली. "दमलीय बाळ," असं म्हणून कुणीतरी तिच्या अंगावर शाल टाकली होती. ती झोपलेली नव्हती. सेन्सर वाजला तो अश्लेषानं तिला हलवून पाहिल्यावर.

डॉक्टरांनी नंतर समजावलं होतं. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली मोजतो. धरणाचं दार बंद झालं तरी कालव्याच्या शेपटाला पाणी थोडा वेळ वाहत राहतं, तसं. शेपटाला उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, पाणी भरपूर आहे. मोठ्यांना एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही. पण खेळणाऱ्या लहान मुलाची शुगर दहा-पंधरा मिनिटांत घसरते, आणि तेवढाच वेळ सेन्सर मागे असतो.

श्वास मात्र मागे नसतो. शुगर उतरू लागली की श्वासाचा वास बदलतो. माणसाच्या नाकाला ते कळत नाही. कुत्र्याच्या नाकाला गर्दीतही कळतं.

हे काही नवं नव्हतं. नवा होता तो पट्टा. पूर्वी कुत्र्याला खरंच समजलंय की ते शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतंय, हे सांगायला वर्षं लागायची. मग कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी चकती चिकटवून मेंदूतली एक लाट गळ्यातल्या पट्ट्यात टिपता येऊ लागली. कुत्र्याला खाऊ अचानक मिळाला की ती लाट उठते. रोज मिळू लागला की खाऊपाशी ती उठेनाशी होते. सरकून खाऊच्या खुणेपाशी जाते. मधल्या सुट्टीची घंटा ऐकूनच पोरांना डब्यातली पोळी दिसते, तसं. आणि खूण होऊनही खाऊ आला नाही, तर लाटेच्या जागी खळगा पडतो. पट्टा मनातलं वाचत नव्हता. आता काहीतरी चांगलं मिळणार असं कुत्र्याला वाटतंय, एवढंच त्याला कळे. पण तेवढ्यानं शिकवण्याचं सगळं शास्त्रच पालटलं. जिथं चार कुत्री तयार व्हायची तिथं चाळीस होऊ लागली, तीही मंडईतली, आणि त्यांचे आढावे घरबसल्या फोनवर येऊ लागले.

टिकलीला ओगलेवाडीच्या केंद्रात सर्जेराव थोरातांनी शिकवलं होतं. पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेला माणूस. मिशा पांढऱ्या, आवाज भरड, खिशाला कायम कलेजीचा वास. सात स्टीलचे डबे ओळीनं मांडायचे. एकात, जुईची शुगर उतरलेली असताना तिच्या श्वासावर धरलेला कापूस, बाकीच्यांत साधे. टिकली बरोबर डब्यापाशी थांबली की थोरात जिभेनं 'टॉक' करायचे आणि कलेजीचा तुकडा द्यायचे. चुकली की काहीच नाही. ओरडणं नाही, हिसका नाही.

"पथकात असताना आमी साखळीला हिसका द्यायचो," थोरात सांगायचे. "कुत्रं शिकायचं, न्हाई असं न्हाई. पण आमच्या हाताकडं बघून शिकायचं. ही वासाकडं बघून शिकतीया. फरक हाय का न्हाई?"

आठव्या आठवड्यात टिकलीनं सातही डबे सोडले आणि भिंतीकडेला बसलेल्या जुईपाशी जाऊन पंजा ठेवला. कुणाला कळेना. बोट टोचून पाहिलं तर बासष्ट; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. त्या दिवशी अश्लेषानं मंडईतल्या त्या कुत्रीला पोटाशी धरलं आणि घरी येऊन वहीत एकच शब्द लिहिला: 'माझी.'

आता त्याच वहीत लाल शाईच्या ओळी वाढत होत्या.

आढाव्यानंतरच्या आठवड्यात टिकली बदलली. आधी पंजा ठेवायची, मग नुसतं नाक लावू लागली. मग दुरूनच बघायची आणि पुन्हा डोकं खाली टेकवायची. 

नवव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, सोसायटीच्या बागेत जुई घसरगुंडीवर खेळत होती. टिकलीनं मान उचलली, नाक हलवलं, अश्लेषाकडे पाहिलं. अगदी डोळ्यांत पाहिलं. मग ती पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडून राहिली. इशारा नाही, म्हणून अश्लेषाही बाकावर बसून राहिली. बारा मिनिटांनी सेन्सर किंचाळला. जुई घसरगुंडीच्या तळाशी वाळूत बसली होती, ओठ पांढरे, केस कपाळाला चिकटलेले. "आई, घरगुंडी... घसर..." तिला शब्द सापडेना. बोटातलं रक्त पंचेचाळीस म्हणालं.

काकवी पोटात गेल्यावर, रंग परत आल्यावर, अश्लेषा टिकलीकडे वळली. तिचा हात वर गेला होता. टिकली पळाली नाही, गुरगुरली नाही. मार म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती त्या उचललेल्या हाताकडे आशेनं बघत राहिली. त्यात खाऊ असेल म्हणून.

अश्लेषानं हात खाली घेतला आणि स्वतःच्याच पदराला पुसला, जणू खरोखर मारलं होतं.

"नको आता हे," रणजित त्या दिवशी म्हणाला. "देऊन टाकू परत. नवीन सेन्सर येतायत म्हणे."

"म्हणे!" अश्लेषा म्हणाली. "तिनं माझ्याकडे बघितलं, रणजित. तिला कळलं होतं. कळूनही ती बोलली नाही. का नाही बोलली, ते मला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती टिकलीला आणि वहीला घेऊन ओगलेवाडीला गेली.

थोरातांनी मोठ्या पडद्यावर टिकलीच्या पट्ट्याची रेषा उघडली. फोनवर नुसते गुण दिसत. इथं रोजची लाट न् लाट होती. रेषेवर नजर ठेवून ते मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"ताई, हिकडं या. ही तुमची चुकीच्या इशाऱ्यांची ओळ. पैलीपासनं बघा. जुईच्या तोंडापाशी नाक नेलं आन् लाट उठली. केवढी उठली! अर्ध्या तासानं डबी उघडली न्हाई, हा खळगा. पुन्ना लाट, पुन्ना खळगा."

"म्हणजे ती चुकली म्हणूनच ना?"

"तसं न्हवं. ज्याला येत नसतंय त्याला खळगा पडत न्हाई. अंदाजपंचे हात वर करणाऱ्या पोराला मास्तरनं न्हाई विचारलं तर त्याचं काय जातंय? खळगा पडतो तो खात्री असणाऱ्याला." ते वळले. "ही एकदाबी अंदाजानं बोलली न्हाई. मग शुगर उतरली का न्हाई? द्या बघू ती वही."

त्यांनी पडद्यावरच्या वेळा आणि वहीतल्या वेळा जोडून बघायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर थांबले.

"हे 'का' आन् म्होरं अर्धा, हे काय वो?"

"काकवी. अर्धा चमचा. टिकलीनं पंजा ठेवला की मी देते. आकडा चांगला असला तरी देते. अर्ध्या चमच्यानं काय होतंय? थोडी चढली तर पंप बघून घेतो."

बोलता बोलताच तिचा आवाज मंदावला.

थोरातांनी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं स्वतःच मोजलं; मोजणं तिचंच काम होतं. सदतीस चुकीचे इशारे. त्यातल्या पस्तिसांच्या शेजारी, तिच्याच नीटस अक्षरात, का अर्धा.

"तुमी संघात हुता नव्हं?" थोरात हळू आवाजात म्हणाले. "नमुना घ्यायच्या आधी कुणी कॅनात साय वतली, तर तुमचं मशीन काय दाखवील?"

"फॅट भरपूर आहे म्हणून दाखवेल."

"आन् दूध पातळ हाय असं ओरडणारा?"

"खोटा ठरेल."

टिकली दोघांच्या मधे बसून होती, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत.

"कुत्री बरोबर उत्तर लिवत हुती," थोरात म्हणाले, "आन् तुमी पाठीमागनं फळा पुसत हुता. मशीनला काकवी दिसत न्हाई. त्याला दिसला नुसता आकडा. सांगून उपेग न्हाई, हे टिकलीनं शिकून घेतलं. तेबी आपणच शिकवलं, खाऊ न देऊन."

अश्लेषाला रडू आलं. पण त्याच्याच खालून काहीतरी दुसरंही वर येत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला एक क्षण लागला. पस्तीस वेळा. सेन्सर आडवा बाण दाखवत असताना पस्तीस वेळा मंडईतल्या या कुत्रीनं अचूक सांगितलं होतं. अभिमान होता तो.

"बारा दिवस आहेत, काका. शिकेल ती पुन्हा?"

"ती? ती परवा दिवशी शिकंल. मला काळजी तुमची हाय."

केंद्राच्या मशीनचा नियम बदलणं थोरातांच्या हातात नव्हतं. ते बंगळूरहून चालायचं. इशाऱ्यानंतर अर्ध्या तासात सेन्सर सत्तरच्या खाली आला तरच इशारा खरा. पण घरात बारा दिवस डबीऐवजी हातानं खाऊ द्यायला ते परवानगी देऊ शकत होते. जुईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी क्रम ठरवून दिला. टिकलीनं पंजा ठेवला किंवा नुसतं नाक लावलं, तरी पहिल्यांदा बोट टोचायचं. रक्त खोटं बोलत नाही. आकडा सेन्सरपेक्षा कमी लागला, म्हणजे उतार सुरू झाला, की लगेच 'टॉक' आणि कलेजी. मग थांबायचं. दर पाच-सात मिनिटांनी टोचायचं. रक्त सत्तरच्या खाली गेलं की पूर्ण चमचा काकवी. त्याआधी थेंबही नाही.

थांबायचं, हे लिहायला सोपं होतं. पहिल्याच दिवशी रक्त ब्याण्णव असताना अश्लेषाचा हात पर्समध्ये गेला.

"आई!" जुई ओरडली. "हात बाहेर!"

मग जुईनंच युक्ती काढली. आज्जीच्या डब्यातले दाणे तिनं फ्रॉकच्या खिशात भरले. आई थांबली की एक दाणा. आई चुळबुळली की काहीच नाही. ओरडायचं नाही, थोरात आजोबांनी सांगितलंय.

"मी काय कुत्री आहे?" अश्लेषा म्हणाली.

"टिकलीला दोन दिवसांत येतं. तुला बघू किती लागतात," जुई म्हणाली, आणि सासूबाई एवढ्या हसल्या की टरफलांचा पेपर सांडला.

टिकलीला खरंच दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी पंजा पुन्हा गुडघ्यावर आला, आणि तोही धपकन, जणू दार ठोठावतेय. अश्लेषाला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी ती तेरा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसली आणि जुईनं तिला एकदम तीन दाणे दिले. गुणही वाढले, पण सगळे नाहीत. रक्त अडुसष्टवर आलं आणि काकवी दिली की कधी सेन्सर सत्तरच्या खाली उतरे, कधी एकाहत्तरवरून माघारी फिरे. तसा तो फिरला की मशीन इशारा खोटा धरी.

आढाव्याच्या सकाळी घरच्या नोंदींच्या ऐंशीपैकी त्रेसष्ट गुण होते. मैदानावरच्या कसोटीचे वीस. ते मिळाले तर टिकली राहणार.

निघताना सासूबाईंनी दह्याची वाटी आणली, शुभ कामाला जाताना द्यायचं म्हणून. साखरेचा डबा उघडता उघडता त्या थबकल्या. मग नुसतं दहीच जुईच्या हातावर ठेवलं, आणि एक बोट टिकलीच्या नाकाला लावलं. "तू पण चाट. पेपर तुझा आहे."

परीक्षक डॉ. शबाना मुल्ला मिरजेहून आल्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात टॅब. डबी पुन्हा मशीनवर लावली गेली. केंद्राच्या नर्सबाई रक्त तपासायचं साहित्य घेऊन सावलीत बसल्या. जुईला मैदानात लंगडी घालायला सांगितलं.

दहा बेचाळीसला टिकली जुईच्या मागे धावता धावता थांबली, हुंगलं, आणि मैदान तिरकं कापत सरळ अश्लेषापाशी आली. पंजा.

"सेन्सर एकशे एकवीस," मुल्ला मॅडम म्हणाल्या. 

नर्सबाईंनी जुईचं बोट टोचलं. "एकशे दोन."

थोरातांनी मिशी चावली. नियमाप्रमाणे कुणी काही बोलायचं नव्हतं. टिकली डबीकडे बघत बसली. अश्लेषा दोन्ही हात मांडीखाली घेऊन तिच्याशेजारी बसली. जुई चालत फेऱ्या मारत होती आणि प्रत्येक फेरीत आईच्या हातांकडे बघून घेत होती.

दहा पन्नास. सेन्सर एकशे चार, रक्त चौऱ्याऐंशी. जुईची चाल जराशी सैल झाली होती. मंगल कार्यालयातली शाल अश्लेषाला आठवली, तिचा रंगसुद्धा. पर्स तिच्या पायाशी होती, चेन उघडी. तिनं टिकलीच्या पाठीवर हात ठेवला. कुत्रीचं हृदय शांत ठोक्यानं चाललं होतं. हिनं सांगून टाकलंय. हिचं काम झालंय. आता आपलं.

दहा सत्तावन्न. सेन्सर शहाऐंशी. नर्सबाई म्हणाल्या, "रक्त अडुसष्ट."

"आता, आई," जुई म्हणाली.

अश्लेषानं बाटली काढली. पूर्ण चमचा, क्रमात लिहिल्याप्रमाणे. मग सगळे टॅबकडे बघत राहिले. अठ्ठ्याहत्तर. त्र्याहत्तर. बहात्तर. बहात्तरवर आकडा जरा रेंगाळला आणि पंचाहत्तर झाला. जुई गालभर हसत होती. टॅबवर ओळ उमटली: चुकीचा इशारा. डबी उघडली नाही.

टिकली अजून डबीकडेच बघत होती.

जुईनं आईकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग फ्रॉकच्या खिशातून दाणे बाजूला सारत तळातला कलेजीचा तुकडा काढला आणि जिभेनं 'टॉक' केलं.

"अगं, हातानं द्यायचं नसतं," नर्सबाई म्हणाल्या.

"ती बरोबर होती ना?" जुई म्हणाली. "मग?"

टिकलीनं तुकडा घेतला. मुल्ला मॅडमनी टॅब खाली ठेवला.

अश्लेषा उठली. बोलायचं ठरवलेलं सगळं ती विसरली होती. तिनं फक्त वही पुढे केली. "मॅडम, यात साठ दिवस आहेत. टिकली कधी बोलली, आकडा काय होता, मी काय केलं. पस्तीस वेळा मीच तिला खोटं पाडलं. ते माझ्या नावावर लिहा, तिच्या नको."

मुल्ला मॅडम झाडाखाली बसून पानं उलटत राहिल्या. वीस मिनिटं. मधे एकदा त्यांनी थोरातांना पट्ट्याची रेषा मागितली आणि वहीशेजारी धरली.

"हे मशीनचे नियम लिहिणाऱ्यांनी पाहायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "कुत्रा जितका लवकर सांगेल आणि घरचे जितके शहाणे असतील, तितके याचे गुण कमी. उलटंच मोजतोय आपण." त्यांनी टॅबवर सर्वांत खालचा रकाना उघडला. तो बहुतेक आढाव्यांत रिकामाच जायचा. "गुण मशीन देतं. शेरा लिहून ते बदलायचा अधिकार अजून माणसाकडे आहे."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "इशारा अचूक. तेव्हा सेन्सर एकशे एकवीसवर होता; पंधरा मिनिटांत रक्त अडुसष्ट. वीसपैकी वीस. पालकांची वही सोबत जोडली आहे. मोजणीचा नियम बदलावा."

थोरातांनी खिशात होती ती सगळी कलेजी टिकलीपुढे ओतली. आयुष्यात पहिल्यांदाच, मोजल्याशिवाय.

"पंधरा मिनिटं थांबलात," मुल्ला मॅडम निघताना अश्लेषाला म्हणाल्या. "तुम्हाला पट्टा लावला असता तर काय दिसलं असतं?"

"खळगेच खळगे," अश्लेषा म्हणाली.

दिवाळीनंतर अश्लेषा दूध संघात पुन्हा रुजू झाली. टिकली जुईबरोबर शाळेत जाऊ लागली. दुसरीच्या वर्गात शेवटच्या बाकाखाली तिचं तरटाचं आसन होतं. डबीचं झाकण आता मशीनच्या नाही, जुईच्या बोटानं उघडे.

एका दुपारी नमुन्यांची रांग संपवून अश्लेषानं हात पुसले आणि फोन पाहिला. पाऊण वाजला होता. इशारा बारा दहाचा. पस्तीस मिनिटं जुना. तिचं बोट शाळेच्या नंबरवर गेलं. मग तिनं खालची ओळ वाचली. शेवटचा आकडा: एकशे आठ. तिनं फोन पालथा ठेवला आणि पुढचा कॅन उघडला.

संध्याकाळी जुईनं दप्तरातून स्वतःची वही काढून दिली. आईच्या वहीसारखीच, फक्त अक्षरं ओळीबाहेर जाणारी.

'१२.१० टिकली आली. बोट टोचलं. ७४. टिकलीला कलेजी. थांबले. ६९. मग काकवी. मग खो-खो. आपण जिंकलो.'

अश्लेषानं ते दोनदा वाचलं. सासूबाईंनीही वाचलं, चष्मा लावून, आणि 'आपण जिंकलो' वर बोट ठेवून रणजितला बोलावलं.

"तू शाळेत फोन केला नाहीस?" जुईनं विचारलं.

"नाही."

"एकदापण नाही?"

"एकदापण नाही."

जुईनं आज्जीच्या डब्यात हात घातला, चांगला टपोरा दाणा निवडला आणि आईच्या तळहातावर ठेवला. "शाब्बास!"

शब्द ऐकून टेबलाखालून टिकलीनं कान टवकारले.

"तुला नाही गं," जुई म्हणाली. "हे आईचं आहे."